स्वकष्टार्जित

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी मृत्युपत्र करावयास घेतले. पासष्टी जवळ आली की माणसाने कागदपत्रे नीट लावून ठेवावीत, असे घरात सर्वांचेच मत पडले आणि मलाही त्यात वावगे काही वाटले नाही. वकीलसाहेबांनी मसुदा पाठवला. त्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात एक वाक्य होते : खाली वर्णन केलेली सर्व मिळकत माझी स्वकष्टार्जित असून तिच्यावर अन्य कोणाचाही कसलाही हक्क, हितसंबंध वा दावा नाही.

हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने चोख आहे. वडिलोपार्जित मिळकतीवर भाऊबंदांचा हक्क पोचतो. स्वकष्टार्जित मिळकत ज्याची त्याने हवी त्याला द्यावी. शिवडीतील आमची दोन खोल्यांची जागा मी पगारातून हप्ते भरून घेतली, तेव्हा शब्दही खरा. तरी तो मला काही केल्या गिळवेना. मागे घरात एकदा विषय निघाला होता. माझ्या थोरल्या भावाची नात परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. तिच्यासाठी काही ठेवावे का, असे पत्नीने विचारले. मी म्हणालो, "दादाचा आणि माझा हिशेब कधीच फिटला आहे." मसुद्यातले ते वाक्य वाचताना माझेच हे उत्तर मला पुन्हा ऐकू आले आणि या वेळी त्याचा सूर बरोबर लागला नाही.

मन असे अडले की मी सायकल काढतो. हे व्यसन जुने आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी पहाटे मी बोरघाटाकडे जाण्यासाठी निघालो.

शिवडीहून हल्ली घाटाकडे जाण्याची एक मौज आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू आमच्या दारातूनच समुद्रात शिरतो आणि सुमारे बावीस किलोमीटर जाऊन पलीकडच्या मुलुखाला लागतो. पण त्याच्यावर सायकलीला मज्जाव आहे. पुढे पुण्याला जाणाऱ्या द्रुतगती मार्गावरही तो आहेच. म्हणजे वेगाने जाण्याचे रस्ते आमच्यासाठी नाहीत. उरतात ते जुने. मला त्याचे दुःख नाही. अंधारात शिवडीहून दादरला गेलो, सायकलीचे सामानाचे तिकीट काढले, ती सामानाच्या डब्यात चढवली आणि उजाडल्यावर खोपोलीला उतरलो.

खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आहे, त्याच्या काठी महादेवाचे देऊळ आहे. तिथे जरा टेकलो, पाणी प्यालो आणि समोरच्या डोंगराकडे पाहिले. घाट चढायचा म्हणजे मधल्या काही किलोमीटरांत चार-पाचशे मीटर उंची अंगमेहनतीने विकत घ्यायची. हा सौदा अगदी रोखीचा असतो. मोटारीत बसलेल्याला डोंगर किती उंच आहे हे डोळ्यांनी कळते. सायकलवाल्याला ते मांड्यांनी कळते. प्रत्येक वळण दमवून जाते आणि दमल्याची पोच आतून मिळते. सायकल हे फार प्रामाणिक वाहन आहे, असे मी लोकांना नेहमी सांगत आलो आहे.

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत जो पहिला घाटमाथ्यावर पोचतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. लहानपणी त्या पदवीचे आम्हांला विलक्षण आकर्षण होते. पैसा, ओळख, वशिला यांपैकी काही तिथे चालत नाही. ज्याच्या पायांत बळ तोच राजा. वयोमानाप्रमाणे मी राजा तर सोडाच, घाटाचा पाटीलसुद्धा नव्हे. दोन ठिकाणी खाली उतरून सायकल हातात धरूनच चाललो. तरीही पहिल्या तासाभरात घामाने भिजलेल्या अंगात तोच जुना अभिमान चढू लागला होता : हा चढ माझा आहे. याच्यावर अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध वा दावा नाही.

खोपोलीच्या वर डोंगरउतारावरून पाण्याचे भले मोठे नळ खाली आलेले दिसतात. लोणावळ्याकडच्या तलावांत साठवलेले पाणी या नळांतून खाली सोडून १९१५ साली खोपोलीत टाटांनी वीज निर्माण करावयास सुरुवात केली. ती वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांत गेली. लालबाग-परळ-शिवडीचे आम्ही लोक आमच्या गिरणगावाला स्वयंभू समजत आलो. पण त्याचे साचे या डोंगराच्या उतारावर फिरत होते. विजेच्या अशाच दुसऱ्या योजनेसाठी मुळशीला धरण व्हावयाचे ठरले, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या. आमच्या खोलीतल्या दिव्याखाली अभ्यास करताना मला हे कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी मी त्याचे काय केले असते, हा प्रश्न आहेच.

वळणावर थांबून पलीकडे पाहिले तर आगगाडीची वाट दिसते. बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. पंचवीस बोगदे खोदले, आठ मोठे पूल बांधले. सदतिसास एक असा तीव्र चढ आगगाडीला चढता येईल असा केला. कामाच्या ऐन भरात, १८६१ च्या सुमारास, या कड्यांवर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. सुरुंग लावण्यासाठी त्यांना दोरांनी बांधून कड्यावरून खाली सोडीत. काही सुरुंगाने गेली, काही पडून गेली आणि बरीचशी पटकीने गेली. मेलेल्यांच्या संख्येचे काही अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातात. सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज कंत्राटदाराचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. तो १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला, मग त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे चालवले हेही ठाऊक आहे. दोरावर लटकलेल्यांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही.

मी ज्या रस्त्यावर घाम गाळीत होतो तो रस्ताही असाच कोणी तरी फोडलेला होता. गाडीरस्ता म्हणून तो १८३० साली खुला झाला. त्याच काळातला पूल, ज्याला लोक अमृतांजन पूल म्हणत, तो मी अनेकदा पाहिला होता. २०२० च्या एप्रिलमध्ये तो पाडण्यात आला. म्हणजे पूल गेला आणि आता त्याच्या बांधणाऱ्यांची ती एवढी खूणही गेली. माझा चढ माझा खरा. पण चढता येण्याजोगा उतरता कोन या डोंगराला ज्यांनी दिला, त्यांच्या मेहनतीवर माझी मेहनत उभी होती. नुसत्या कड्याला घाटाचा राजा लाभत नाही.

घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. त्याची कथा अशी सांगतात की, साहेबाला घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर तो म्हणाला, माझ्या मुलखाला स्वातंत्र्य द्या. साहेबाने त्याला गोळी घातली. आजही जाणायेणारे गाडीवाले तिथे हात जोडतात, नाणे टाकतात. मी दम घेत उभा होतो तेव्हा एक टेम्पो आला. चालकाने वेग थोडा कमी केला, खिडकीतून नाणे फेकले, हात छातीला लावला आणि तो निघून गेला. त्याला थांबायला सवड नव्हती, विसरायलाही नव्हती.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला पुराव्यावाचून चैन पडत नाही. माझ्या मनात आले, ही कथा खरी असेल का? बोरघाटाची वाट तर दोन हजार वर्षे वाहती आहे. वरची कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी या व्यापारी वाटेच्या आधारानेच झाली. मग ती दाखवायला धनगर कशाला हवा होता? असेही असेल की, लोहमार्गासाठी कड्यांतली दुसरीच एखादी वाट हवी होती. किंवा असे असेल की, हजारो मेले आणि त्यांपैकी एकाचेही नाव उरले नाही, म्हणून लोकांनी त्या सर्वांना मिळून एक नाव दिले. पुराव्याच्या दृष्टीने शिंग्रोबाचे खाते कच्चे आहे. आणि तरीही त्या टेम्पोवाल्याचे नाणे मला खोटे वाटेना.

इथेच मला दादाचा हिशेब आठवला. तो सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमचे वडील गिरणीत होते. १९६९ साली ते क्षयाने गेले. दादा तेव्हा सतरा वर्षांचा, मॅट्रिकच्या वर्गात. मी नऊ वर्षांचा. दादाने शाळा सोडली आणि तो साचेखात्यात बदली म्हणून लागला. पुढे कायम झाला. त्याच्या पगारावर मी शिकलो. त्याच्याच काळ्या सायकलीवरून मी कॉलेजात गेलो आणि तो भोंग्याच्या आधी चालत निघू लागला. १९८१ साली मला बँकेत नोकरी मिळाली. लगेच पुढच्या वर्षी, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला. तो संपला असे कोणी कधी सांगितलेच नाही. दादाची गिरणी पुन्हा धड चालू झाली नाही आणि दादा एका गोदामावर पहारेकरी झाला. त्या दोन-तीन वर्षांत दोन्ही चुली माझ्या पगारावर पेटल्या. पुढे चाळीतल्या खोलीवरचा माझा हक्कही मी दादाच्या नावे सोडला. बारा वर्षांचे त्याचे, तीन वर्षांचे आणि एका खोलीचे माझे : जमा-खर्च मांडून मी खाली दोन रेघा ओढल्या होत्या. 'हिशेब फिटला' म्हणालो तो या रेघांच्या आधारावर.

या हिशेबात आकड्याची चूक नाही. पण रकमा एका जातीच्या नाहीत. मी दिले ते मिळवलेल्यातून दिले. दादाने दिले ते अजून मिळायचे होते त्यातून. माझ्या देण्याने माझी वाट कुठे बंद झाली नाही. त्याच्या देण्याने त्याची झाली. या दोन गोष्टी एका स्तंभात लिहिता येत नाहीत आणि वेगळ्या स्तंभात लिहिल्या तर त्यांची बेरीज होत नाही.

यावर कोणी म्हणेल की, असे पाहिले तर जगात कोणाचेच काही राहणार नाही. श्वास घेतला तरी झाडाचे ऋण! मग आळशाला निमित्त मिळेल आणि कष्टाळूचा उत्साह जाईल. शिवाय उपकाराची भाषा बलवानांच्या तोंडी नेहमीच गोड असते : आम्ही रस्ते दिले, आम्ही रेल्वे दिली, आम्ही तुला घडवले, तेव्हा आता मान खाली घाल. ही हरकत मला पोकळ वाटत नाही. गिरणगावात वाढलेल्या माणसाने 'मालकाच्या उपकारा'ची भाषा पुष्कळ ऐकली आहे. मग स्वकष्ट या शब्दाला जागा कुठे आणि केवढी द्यावयाची? या प्रश्नाचे उत्तर मला घाटात मिळाले नाही. ते कार्ल्याला मिळाले, आणि तेही एका सुताराकडून.

खंडाळा, लोणावळा मागे टाकून दुपारी वेहेरगावच्या पायथ्याशी पोचलो. सायकल एका फुलवाल्या बाईंच्या भरवशावर ठेवली आणि पायऱ्या चढलो. रविवार असल्यामुळे एकवीरेला गर्दी होती. ही आई कोळ्यांची. आमच्या शिवडी कोळीवाड्यातलेही एक कुटुंब रांगेत भेटले. "सायकलवरून आलात? या वयात?" म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिले आणि डब्यातली भाकरी पुढे केली.

देवळाला लागूनच चैत्यगृह आहे. आपल्या देशातल्या कोरीव चैत्यांत ते सर्वांत मोठे. लांबी सुमारे सव्वाशे फूट. छताखालच्या सागवानी कमानी दोन हजार वर्षे जागच्या जागी आहेत. खांबांवर आणि भिंतींवर देणाऱ्यांचे लेख आहेत. त्यांत दूरदूरचे लोक आहेत. धेनुकाकट गावचे यवनसुद्धा आहेत. मला ब्राह्मी वाचता येत नाही, पण त्यांतले दोन लेख काय म्हणतात ते वाचून गेलो होतो. एक वैजयंतीच्या भूतपाल शेठचा आहे : जंबुद्वीपात श्रेष्ठ असे हे शैलगृह त्याने पुरे केले, असे तो सांगतो. दुसरा धेनुकाकटच्या सुताराचा आहे. त्याचे नाव सामी, बापाचे नाव वेणुवास. त्याने दाराचे मुख केले, एवढेच तो सांगतो.

मी बराच वेळ त्या दारापाशी उभा होतो. शेठने दिले असेल, पुष्कळ दिले असेल. पण 'हे घर मी पुरे केले' या वाक्यात छिन्नी धरणारे सगळे हात बुडाले. सुताराने मात्र आपले माप बरोबर घेतले. दार मी केले : यात खोटा विनय नाही, आपले काम तो लपवीत नाही, नावानिशी सांगतो. पण लेणे मी केले असे तो म्हणत नाही. त्याने स्वतःपुरते जे सांगितले त्यामुळे कड्यात खपलेल्या इतरांची जागा मोकळी राहिली.

स्वकष्टाला एवढीच जागा असावी असे मला वाटते, आणि ती थोडी नाही. आपण दार करतो. काही जण सुरेख करतात, काही नुसते टाळाटाळ करतात. हा फरक खरा आहे आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला मिळालेच पाहिजे. म्हणून आळशाला इथे निमित्त मिळत नाही. ज्याने दारही केले नाही त्याने कसले ऋण मोजायचे? आणि बलवानाच्या उपकाराला उत्तरही इथेच आहे : रस्ता 'दिला' म्हणणारा हा बहुधा भूतपाल शेठ असतो. त्याचे नाव कोरलेले असतेच. ज्यांचे देणे आपल्यावर खरोखर असते ते मागायला येत नाहीत. त्यांतले बहुतेक मेलेले असतात, नाही तर चाळीत राहतात.

राहिला पुराव्याचा मुद्दा. हक्क सांगायचा तर पुरावा हवाच. मी बँकेत तेहतीस वर्षे हेच केले. पण ऋण मानायला पुरावा का हवा? हक्क आपण दुसऱ्याकडून वसूल करतो, म्हणून तिथे खोटेपणाचा धोका दुसऱ्याला असतो. ऋण आपण आपल्यावर घेतो. त्यात चूक झाली तर आपण थोडे जास्त दिले, एवढेच होईल. टेम्पोवाल्याचा शिंग्रोबा झालाच नसेल, तर एक नाणे वाया गेले. झाला असेल आणि नाणे टाकले नसेल, तर जे वाया जाते ते फार मोठे असते.

परतताना घाट उतरलो. उतारावर पायडल मारावे लागत नाही; दोन्ही ब्रेकांवर बोटे ठेवून बसायचे. सकाळी कमावलेली उंची डोंगर आता परत करीत होता, असे म्हणण्याची सायकलवाल्यांत पद्धत आहे. पण माझ्या पुढून एक तरुण जोडपे स्कूटरवरून इंजिन बंद करून तसेच वाऱ्यासारखे गेले. ते वर कसे चढले हे उताराने त्यांना विचारले नाही. मलाही विचारले नव्हते. देवळापाशी थांबलो, खिशात चाचपडले, दोन रुपयांचे नाणे सापडले ते ठेवले, आणि दिवेलागणीला खोपोलीची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाकडे गेलो. वहिनींनी चहा टाकला. घाटाची हकिकत सांगता सांगता मी धीर करून म्हणालो, "दादा, तू माझ्यासाठी शाळा सोडलीस, हे मी कधी बोललो नाही."

दादाने चष्मा काढून पुसला. "तुझ्यासाठी कुठे रे? मला शाळा आवडतच नव्हती. गणितात नेहमी गोते खायचो. गिरणीत पगार मिळायचा, सिनेमा पाहायला मिळायचा. बरंच झालं म्हणायचं."

हे खरे असेल. दादा गणितात कच्चा होता का, हे सांगणारा आता कोणी नाही. किंवा असे असेल की, मी ऋणको म्हणून दारात उभा राहिलेला त्याला पाहवला नाही आणि त्याने ती जुनी वही माझ्यासमोर फाडून टाकली. कोणते खरे, हे मला कधीच कळणार नाही. सकाळी असते तर या उत्तराने मी सुटलो असतो : धनकोच म्हणतो देणे नाही, मग प्रश्नच मिटला! पण आदल्या दिवशी मी शिंग्रोबाच्या देवळावरून दोनदा गेलो होतो.

"शिंग्रोबाला पैसे टाकलेस ना?" दादाने विचारले.

"टाकले. दोन रुपये. खिशात तेवढेच सुटे होते."

"टाकलेस ना? झालं तर मग," दादा म्हणाला आणि बशीत चहा ओतू लागला.

मसुदा मी वकीलसाहेबांना परत पाठवला. 'स्वकष्टार्जित' हा शब्द तसाच ठेवला आहे, कारण कायद्याला तो लागतो आणि शिक्षणाची रक्कम दादाच्या नातीला निर्वेध मिळायची तर त्या शब्दाचीच मदत हवी. त्यासाठी एक कलम वाढवले आहे. वकीलसाहेबांनी दूरध्वनीवर विचारले, "या देणगीचं कारण काय लिहू?" मी त्यांना म्हणालो, कारणाची जागा कोरी ठेवा.